कानातली गाठ आणि तुकड्याची तपासणी : घराघरात असावी अशी माहिती



आम्ही डॉक्टर नाही. आम्ही दोघेही इंजिनिअर, पोटापाण्यासाठी संगणकाच्या नोकरीत आणि राहायला जेद्दाच्या शराफिया भागात. तरीही हा आरोग्यावरचा लेख लिहायला बसलो, त्याला कारण आमच्याच इमारतीत घडलेली एक गोष्ट.

आमच्या वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडचे एक काका-काकू राहत असत. काकांचा डावा कान दोन वर्षे अधूनमधून वाहायचा. दर वेळी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून थेंब आणायचे, आठ दिवस बरे वाटायचे, पुन्हा तेच. एकदा थेंबात रक्त दिसले म्हणून ते एका दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी कानात डोकावून "मांस वाढले आहे" असे सांगितले, चिमट्याने ते ओढून काढले, रक्त थांबवले आणि काढलेला तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकला. काका खूश! पाच मिनिटांत काम झाले. तीन महिन्यांनी तेच मांस त्याच जागी पुन्हा आले, आणि या वेळी सोबत चक्कर घेऊन आले.

पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. पण त्या डब्यात गेलेल्या तुकड्याने आम्हाला बरेच शिकवले. काकांबरोबर दवाखान्यांच्या खेपा घालताना जे समजले, डॉक्टरांना विचारून जे ताडून पाहिले, ते इथे सोप्या भाषेत मांडत आहोत. परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींना याचा उपयोग होईल अशी आशा आहे.

आधी कानाची थोडी ओळख

कानाचे तीन भाग असतात. बाहेरची पाळी व पडद्यापर्यंतची नळी म्हणजे बाह्यकर्ण. पडद्यामागची हवेची छोटी पोकळी म्हणजे मध्यकर्ण. तिच्यात हातोडा, ऐरण आणि रिकीब ही शरीरातली सर्वात लहान हाडे असतात. त्याच्या आत शंखासारखा ऐकण्याचा भाग आणि तोल सांभाळणारा भाग, म्हणजे अंतर्कर्ण.

मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा आणि आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा. हाडावरची कातडी अगदी पातळ असते, म्हणून तिथे काडी लागली की डोळ्यांत पाणी येते.

मध्यकर्णाच्या शेजारपाजाराकडेही लक्ष द्या. छतापलीकडे मेंदू, खाली मानेतली मोठी रक्तवाहिनी, पुढे मेंदूला रक्त नेणारी धमनी, आणि भिंतीतून जाणारी चेहऱ्याची नस. एवढ्याशा जागेत एवढे सगळे! कानातली गाठ हातावरच्या गाठीसारखी सहज कापता का येत नाही, त्याचे उत्तर इथेच आहे.

कानात काय काय वाढू शकते?

"कानात मांस वाढले" हे निदान नाही, ते फक्त डोळ्यांना दिसलेले वर्णन आहे. त्यामागे पुढीलपैकी काहीही असू शकते.

पाळीवर व कानामागे :
- केलॉइड. कान टोचल्यावर काही जणांना पाळीला गुळगुळीत, घट्ट गाठ येते. जखम भरताना तंतू जास्त तयार झाल्याचा हा प्रकार, कर्करोग नव्हे. मात्र नुसती कापली तर ती पुन्हा, कधी पहिल्यापेक्षा मोठी, उगवते. म्हणून कापण्याबरोबर इंजेक्शन, दाब देणे असे इतर उपायही करावे लागतात.
- कातडीखालची पिशवी. मध्ये काळा ठिपका असलेली मऊ गाठ. निरुपद्रवी, पण पिकू शकते.
- न भरणारी जखम किंवा खपली. वर्षानुवर्षे उन्हात काम केलेल्यांमध्ये पाळीच्या वरच्या कडेवर कातडीचा कर्करोग होऊ शकतो. महिनाभरात न भरलेली जखम दाखवावीच.

नळीत :
- हाडाची वाढ. थंड पाण्यात नियमित पोहणाऱ्यांमध्ये दोन्ही कानांत हाडाचे उंचवटे येतात. आपला लाल समुद्र कोमट, त्यामुळे इथे पोहून तो धोका कमी. पण थंड देशांतल्या वाचकांनी लक्षात ठेवावे.
- पॉलिप, म्हणजे लालसर, ओलसर, द्राक्षासारखा मोड. तो बहुतेक वेळा जुन्या संसर्गामुळे येतो. मात्र त्याच्या मागे दुसरेच काही दडलेले असू शकते.
- मृत कातडीचा घट्ट गोळा, चामखीळ, आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथींच्या गाठी.
- नळीचा कर्करोग. हा फार दुर्मीळ. दहा लाख लोकांत वर्षाला एक ते सहा असे प्रमाण सांगितले जाते. पण तो साध्या कान फुटण्याचे सोंग घेऊन येतो, म्हणूनच उशिरा सापडतो.

मध्यकर्णात :
- कोलेस्टिअटोमा. नाव भयंकर असले तरी हा कर्करोग नव्हे. कातडी चुकीच्या जागी, म्हणजे पडद्यामागे, वाढू लागते, तिच्या पापुद्र्यांचा पांढरा गोळा साठत जातो आणि तो आजूबाजूचे हाड कुरतडतो. घाण वास येणारे पाणी ही त्याची नेहमीची खूण.
- ग्लोमस. रक्तवाहिन्यांनी भरलेली लाल गाठ. रुग्णाला कानात नाडीच्या ठोक्यासारखा आवाज येतो.
- कानाचा क्षय. भारतातून आलेल्या माणसाच्या बाबतीत ही शक्यता डॉक्टरांनी विसरू नये आणि आपणही विसरू नये.
- लहान मुलांमध्ये अगदी क्वचित स्नायूंचा कर्करोग किंवा हिस्टिओसायटोसिस नावाचा आजार. मुलाचा कान औषध देऊनही सतत वाहत असेल आणि आत मोड दिसत असेल, तर चालढकल नको.

अंतर्कर्णाजवळ :
- ऐकण्याच्या व तोलाच्या नसेवरची गाठ. हिचा तुकडा सहसा काढत नाहीत. एमआरआयमध्ये ती पुरेशी स्पष्ट दिसते व तेवढ्यावर पुढचा निर्णय होतो.

या यादीतल्या निम्म्या गोष्टी कानात डोकावल्यावर सारख्याच दिसतात : लाल, ओल्या, थोड्या रक्ताळलेल्या. फरक कळतो तो सूक्ष्मदर्शकाखाली. म्हणून तुकडा तपासायचा.

तुकडा घेण्याआधी

आमच्या धंद्यात एक नियम आहे : प्रोग्रॅम का बिघडला हे कळल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. कानाच्या डॉक्टरांचाही तोच नियम असतो. क्रम साधारण असा.

१. विचारपूस : किती दिवसांपासून, एका कानात की दोन्ही, रक्त, वास, दुखणे, चक्कर, मधुमेह, जुने ऑपरेशन, तंबाखू, उन्हातले काम.

२. सूक्ष्मदर्शकाखाली कान साफ करून तपासणी. नुसत्या बॅटरीने पाहणे पुरेसे नाही. पू व मळ काढल्यावरच मोड कुठून उगवला आहे ते दिसते. दमट हवेत होणारी कानातली बुरशीही कधी गाठीसारखी भासते, ती साफसफाईतच उघडी पडते.

३. पुवाची तपासणी व ऐकण्याची चाचणी.

४. चेहऱ्याच्या हालचाली आणि मान चाचपणे.

५. गरजेप्रमाणे सीटी स्कॅन, म्हणजे हाडांचा नकाशा, किंवा एमआरआय, म्हणजे मऊ भागांचा नकाशा. कोलेस्टिअटोमासाठी एमआरआयची एक खास पद्धत उपयोगी पडते.

इथे एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहितो. पडद्यामागे लाल, ठोके देणारी गाठ दिसत असेल तर स्कॅनआधी तिला चिमटा लावायचा नसतो. ती ग्लोमस असली तर प्रचंड रक्तस्राव होतो. कधी ती गाठ नसून जागा सोडून आलेली मोठी रक्तवाहिनी असते. आणि क्वचित प्रसंगी कानातला "मोड" म्हणजे छताच्या भेगेतून खाली उतरलेला मेंदूचा भाग असतो! म्हणून "लगेच काढून टाकतो" म्हणणाऱ्यापेक्षा "आधी स्कॅन करू" म्हणणारा डॉक्टर आपला हितचिंतक समजावा. तो खर्च वाढवतोय असे लगेच मनात आणू नये.

तुकडा कसा घेतात?

बायॉप्सी म्हणजे जिवंत माणसाच्या शरीरातला छोटासा भाग काढून तपासणे. हा शब्द १८७९ साली फ्रान्समधले त्वचारोगतज्ज्ञ अर्नेस्ट बेनिये यांनी रूढ केला. कानासाठीचे मुख्य प्रकार असे :

- पाळीवर : कातडी बधिर करून गोल पात्याने तीन-चार मिलिमीटरचा तुकडा, किंवा गाठ लहान असेल तर थोड्या कडेसह अख्खी गाठ.
- नळीत : सूक्ष्मदर्शकातून पाहत बारीक चिमट्याने घेतलेला तुकडा. मोठ्या माणसांत हे बधिर करून होते. मुलांना बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते.
- मध्यकर्णात : ऑपरेशनच्या वेळीच.
- मानेतली किंवा कानाखालची गाठ असेल तर बारीक सुई टोचून पेशी काढणे.
- ऑपरेशन चालू असताना तातडीची तपासणी : तुकडा गोठवून कापतात आणि २०-३० मिनिटांत प्राथमिक उत्तर देतात. ही पद्धत अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९०५ साली लुईस विल्सन यांनी प्रचारात आणली. हाड असलेल्या तुकड्याला ती चालत नाही, आणि अंतिम उत्तर नेहमीच्या पद्धतीचेच धरतात.

रुग्णाने काय करावे? रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगाव्यात; आपल्या मनाने बंद करू नयेत. मधुमेह, ॲलर्जी सांगावी. नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस कान कोरडा ठेवावा. अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस बाहेर ठेवतात. वुजू करणाऱ्या आपल्या कोकणातल्या बांधवांनीही ओल्या बोटाबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावे. मध्यकर्णाचे ऑपरेशन झाले असेल तर विमानप्रवास कधी करायचा हे विचारल्याशिवाय सुट्टीचे तिकीट काढू नये.

प्रयोगशाळेत काय होते?

"एवढासा तुकडा, त्याला आठ दिवस कशाला?" हा प्रश्न काकूंनी आम्हाला रोज विचारला. त्याचे उत्तर असे.

तुकडा काढल्याबरोबर तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकतात. द्रव तुकड्याच्या किमान दहा पट असावा लागतो. बाटलीवर रुग्णाचे नाव आणि फाइल नंबर, सोबत माहितीचा कागद. फॉर्मॅलिन तुकडा "थांबवून" ठेवते, म्हणजे सडू देत नाही. त्यासाठी काही तास ते एक दिवस लागतो. तुकड्यात हाड असेल तर ते मऊ करायला आणखी काही दिवस, कधी आठवडाही.

मग पॅथॉलॉजिस्ट उघड्या डोळ्यांनी तुकडा पाहून मोजमाप लिहितात. यंत्रात रात्रभर त्यातले पाणी काढून जागी पॅराफिन मेण भरतात. मेणाच्या ठोकळ्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉकचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप घेतात. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, म्हणजे एका केसाच्या जाडीत पंधरा-वीस काप बसतील! काप काचेवर ठेवून दोन रंगांनी रंगवतात : पेशींची केंद्रके निळी-जांभळी, बाकीचा भाग गुलाबी. मग सूक्ष्मदर्शक.

कोलेस्टिअटोमात कातडीचा थर आणि गुलाबी पापुद्रे दिसतात. साध्या पॉलिपमध्ये सुजेच्या पेशी व नव्या रक्तवाहिन्या. क्षयात विशिष्ट गाठोडी. कर्करोगात वेड्यावाकड्या पेशी आपली रेषा ओलांडून खाली घुसलेल्या. तरी शंका राहिली तर क्षयाच्या जंतूंसाठी, बुरशीसाठी वेगळे रंग वापरतात, किंवा पेशींवरची विशिष्ट प्रथिने ओळखणारी तपासणी करतात. तिला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात, बोलीभाषेत आयएचसी. ग्लोमस, नसेची गाठ, मुलांचे दुर्मीळ आजार यांत तिचा फार उपयोग होतो. त्यासाठी आणखी काही दिवस जातात. उशीर झाला म्हणजे वाईटच बातमी, असे मुळीच नाही.

एक व्यावहारिक सूचना : क्षयाची किंवा बुरशीची शंका असेल तर वाढ करून पाहण्यासाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकून चालत नाही, कारण त्यात जंतू मरतात. तो वेगळ्या निर्जंतुक बाटलीत, सलाइनमध्ये जातो. "कल्चरसाठी वेगळा तुकडा पाठवणार का?" एवढे एक वाक्य आधी विचारले तर दुसऱ्यांदा कान कापण्याची वेळ येत नाही.

आपल्या मातीतला माणूस

तुकडा तपासण्याच्या या शास्त्राला मराठीत विकृतिशास्त्र म्हणतात. भारतातील या शास्त्राचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५-१९७८). लंडन विद्यापीठातून १९२३ साली एम.डी. होऊन ते मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी शिकवले. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा व संशोधनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

खानोलकरांची खासियत अशी की ते काचेवरचा तुकडा पाहून थांबत नसत. हा माणूस कसा राहतो, काय खातो, काय नेसतो, असे प्रश्न ते विचारत. १९४५ साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर लिहिलेल्या निबंधात सवयींशी जोडलेल्या कर्करोगांची नोंद केली. धोतर वर्षानुवर्षे घट्ट बांधण्याच्या जागी, कमरेवर होणारा कर्करोग त्यात होता. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली कर्करोग संशोधन सुरू केले. आज जगात कुठेही मराठी माणसाचा तुकडा बाटलीत जातो, तेव्हा आपल्याकडे त्या कामाचा पाया कुणी घातला हे ठाऊक असावे, म्हणून ही आठवण.

रिपोर्ट कसा वाचावा?

रिपोर्टचे अंतिम उत्तर शेवटच्या "इम्प्रेशन" किंवा "डायग्नोसिस" या ओळीत असते. नेहमीचे शब्द असे :

- इन्फ्लमेटरी पॉलिप, ग्रॅन्युलेशन टिश्यू : सुजेमुळे आलेले मांस. कर्करोग नाही.
- केराटिन, स्क्वॅमस एपिथेलियम : कातडी व तिचे पापुद्रे. मध्यकर्णातून आले असतील तर कोलेस्टिअटोमा.
- बिनाइन : निरुपद्रवी जातीची गाठ. तरीही कानासारख्या अरुंद जागेत ती त्रास देऊ शकते.
- डिस्प्लेसिया : पेशी बिघडू लागल्या आहेत, अजून कर्करोग नाही. लक्ष ठेवणे किंवा काढणे गरजेचे.
- मॅलिग्नंट, कार्सिनोमा : कर्करोग. पुढे कोणत्या जातीचा आणि कोणत्या ग्रेडचा ते लिहितात.
- मार्जिन : काढलेल्या तुकड्याची कड. "फ्री" म्हणजे कडेपर्यंत रोग नाही; "इन्व्हॉल्व्ड" म्हणजे काही भाग आत राहिला असण्याची शक्यता.
- इनॲडिक्वेट : तुकडा अपुरा. याचा अर्थ "काही नाही" असा नव्हे, "पुन्हा घ्या" असा.

सौदीत राहणाऱ्यांसाठी आणखी दोन शब्द. इथे गाठीला वरम म्हणतात. वरम हमीद म्हणजे साधी गाठ, आणि वरम खबीस म्हणजे कर्करोगाची. आपल्या गोष्टींतला खवीस हा याच खबीसचा भाऊ, तेव्हा विसरायची शक्यता नाही! रिपोर्ट अरबीत असेल तर इंग्रजी प्रत मागून घ्यावी.

आता सर्वात महत्त्वाचे. "कर्करोग नाही" असा रिपोर्ट आला आणि तरीही कान वाहतोय, दुखतोय, मोड वाढतोय, तर तपासणी पुन्हा करावी लागते. पॅथॉलॉजिस्ट फक्त पाठवलेला तुकडा पाहतात. वरवरचा, सुजलेला भाग गेला असेल तर मूळ रोग खालीच राहतो. मधुमेही माणसाच्या कानात होणारा हाडापर्यंतचा तीव्र संसर्ग आणि नळीचा कर्करोग वरून सारखे दिसतात. म्हणून तिथे औषध चालू असतानाही तुकडा तपासतात.

दुसरे मत आणि मायदेशी नेणे

बऱ्याच जणांना असा रिपोर्ट आला की मुंबई-पुण्याला दाखवावेसे वाटते. त्यात काही गैर नाही. मात्र नुसता कागद नेऊन उपयोग नसतो, तिथले पॅथॉलॉजिस्ट काचा स्वतः पाहतात. म्हणून :

१. प्रयोगशाळेत लेखी अर्ज देऊन काचा व मेणाचे ब्लॉक मागावेत. ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतात, त्यांतून नवे काप घेता येतात.

२. काचा प्लास्टिकच्या डबीत, कापसात, हातातल्या सामानात ठेवाव्यात.

३. ब्लॉक जेद्दाच्या उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नयेत. हे मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळते, आणि उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड तिथपर्यंत सहज पोचतो.

४. फॉर्मॅलिनची बाटली विमानात नेऊ नये. ते विषारी रसायन आहे.

५. स्कॅनच्या सीडी, ऐकण्याच्या चाचणीचा कागद आणि ऑपरेशनच्या नोंदी एकाच फाइलमध्ये ठेवाव्यात.

इथल्या खासगी नोकरीत आरोग्य विमा मालकाने देणे बंधनकारक आहे. स्कॅन व ऑपरेशनसाठी विमा कंपनीची आधी मंजुरी लागते. अर्जात "कान दुखतो" एवढेच न लिहिता "एका कानात मोड, रक्तमिश्रित पाणी, तुकड्याची तपासणी आवश्यक" असे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावे. सौदी आरोग्य मंत्रालयाच्या ९३७ या क्रमांकावर चोवीस तास सल्ला मिळतो.

नेहमीचे गैरसमज

"गाठीला हत्यार लागले की ती पसरते." काकूंच्या मनातली हीच भीती होती. योग्य पद्धतीने तुकडा घेतल्यामुळे कानाचा रोग अंगभर पसरतो असे नाही. ज्या गाठींना हात लावायचा नसतो त्या रक्तस्रावाच्या भीतीने, आणि त्या डॉक्टरांना स्कॅनवर कळतात. उशीर केल्याने मात्र रोग नक्की पसरतो.

"तुकडा तपासायला पाठवला म्हणजे कर्करोगच." तसे नाही. बहुतेक तुकडे साधेच निघतात. साधे आहे हे कागदावर यावे म्हणून पाठवतात.

"कोमट तेल घातले की मोड गळून पडतो." लहानपणी आजीने घातलेल्या लसणाच्या तेलाची आठवण आम्हालाही गोड आहे. पण फुटलेल्या कानात तेल म्हणजे संसर्गाला आमंत्रण. तसेच गाडीची किल्ली, आकडा, काडेपेटीची काडी यांनी कान कोरणे आजच सोडावे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- दोन-तीन आठवडे औषध घेऊनही एकच कान वाहत असेल
- पाण्यात रक्त किंवा घाण वास असेल
- रात्री झोप मोडणारे कानाचे दुखणे, विशेषतः मधुमेहात
- एकाच कानाने कमी ऐकू येऊ लागले असेल
- कानात नाडीचे ठोके ऐकू येत असतील
- पाळीवरची जखम महिनाभर भरत नसेल
- मानेत किंवा कानासमोर गाठ आली असेल

चेहरा एका बाजूला वाकडा झाला किंवा अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी जावे.

काकांचे पुढे काय झाले?

दुसऱ्या डॉक्टरांनी कान साफ करून पाहिला, सीटी काढला आणि आम्हाला पडद्यावर दाखवला. ऐरणीचे हाड जवळजवळ दिसतच नव्हते, आणि तोल सांभाळणाऱ्या भागाच्या भिंतीला भेग पडू लागली होती. चक्कर त्यामुळेच होती. त्यांनी विचारले, "पहिल्या वेळी काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आणलाय का?" काकांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही जमिनीकडे.

ऑपरेशन झाले. तुकडा बाटलीत गेला. त्या आठ दिवसांत काकांनी एकच सांगितले होते, "पोरांनो, रिपोर्ट येईपर्यंत मुलांना काही कळवू नका. परीक्षा आहेत त्यांच्या." संध्याकाळी पुण्याहून मुलांचा फोन आला की काका मोठ्याने हसून बोलायचे, आणि फोन ठेवला की खिडकीत जाऊन उभे राहायचे. परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी असे हसू हसलेले असते.

रिपोर्ट आला : कोलेस्टिअटोमा, कर्करोगाची खूण नाही. काकूंनी पेढे मिळेनात म्हणून शराफियातल्या दुकानातून खजूर आणून सगळ्या मजल्यांवर वाटला. पण त्या कानाने काकांना आता फार कमी ऐकू येते. पहिला तुकडा तपासला असता तर तीन महिने आधी हेच उत्तर मिळाले असते. हाड वाचले असते की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. डॉक्टर एवढेच म्हणाले, "लवकर आला असता तर वाचवायला जास्त उरले असते."

म्हणून वाचकहो, एवढे एकच लक्षात ठेवा. कानातून काहीही काढले गेले, तर उठण्यापूर्वी विचारा, "हे तपासायला कधी पाठवणार आणि रिपोर्ट कधी मिळेल?" विचारायला संकोच वाटतो, डॉक्टर रागावतील असे वाटते. चांगला डॉक्टर रागावत नाही. आणि रागावला, तरी कान आपला आहे.

हा लेख केवळ माहितीसाठी आहे. निदान आणि उपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत.

 कानांची काळजी घ्या!